लूम बंद असतानाचा रेडिओ

कामतघरात आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना कापड विणायचे लूम होते. चौथ्या बाजूला रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे पुन्हा लूम. ते चालू असताना घरात रेडिओ ऐकू येत नसे. लावता येत असे, त्याचा बारीक लाल दिवाही दिसत असे, आणि अगदी कानाला लावला तर कुणीतरी काहीतरी महत्त्वाचं सांगत आहे एवढं कळत असे. त्यामुळे आमच्याकडे रेडिओ फक्त वीज गेल्यावर ऐकला जाई.

भारनियमन तेव्हा रोजचं होतं. वीज गेली की सगळे लूम एकदम गप्प व्हायचे, कुणीतरी शिवी घालायचं, ती पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू यायची, आणि मग आई सेलवर चालणारा रेडिओ लावायची. लावायची तो सरकारी. गाण्यांची खासगी केंद्रं तोवर निघाली होती, पण त्यांवर बोलणारी मुलं आईला फार घाईत वाटत. “ह्यांना कुठे जायचंय एवढं?” ती विचारायची. सरकारी रेडिओवरच्या माणसांना कुठेही जायचं नव्हतं. ती एक वाक्य संपवायची, थांबायची, कागद उलटायची आणि मगच पुढचं वाक्य घ्यायची.

म्हणजे आमच्या घराला कशाकशाची माहिती असावी, हे वीज कंपनीचं वेळापत्रक ठरवायचं. दुपारी वीज जायची त्या महिन्यांत आम्ही स्त्रियांचा कार्यक्रम ऐकला. वेळ बदलून संध्याकाळी जायला लागली, तेव्हा शेतीचा. एका उन्हाळ्यात ती सकाळीच जायची, तेव्हा संस्कृत बातम्या ऐकल्या. आईला संस्कृत येत नव्हतं. पण तिचं म्हणणं होतं की बातम्या त्याच असतात, फक्त संस्कृतात सांगितल्या की कमी वाईट वाटतात.

वीज परत येण्याची वेळ मात्र कार्यक्रम संपण्याच्या वेळेशी कुणी जुळवलेली नव्हती. त्यामुळे माझं बरंचसं ज्ञान अर्धं आहे. मधमाश्यांची पेटी कुठल्या दिशेला तोंड करून ठेवावी हे मला पक्कं माहीत आहे. पेटीत माश्या कशा आणायच्या हे माहीत नाही. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत काय बघायचं ते मी सांगू शकते, बघून झाल्यावर काय करायचं ते नाही. द्राक्षावर फवारणी करताना शेतकरी एक चूक हमखास करतात आणि ती टाळली तर बाग वाचते, असं एक तज्ज्ञ म्हणाले, आणि लूम सुरू झाले. कामतघरात द्राक्षाची बाग नाही. तरीही ती चूक कोणती असेल, असं मला अधूनमधून वाटत राहतं.

एकदा एका वयस्कर गायकाची मुलाखत लागली होती. गुरूंनी त्यांना घरातून काढून टाकलं होतं, ते तीन दिवस अंगणात बसून राहिले होते, आणि चौथ्या दिवशी गुरुजी स्वतः दारात आले. “आले आणि मला म्हणाले,” असं ते म्हणाले, आणि वीज आली.

“काय म्हणाले असतील?” मी आईला ओठांनीच विचारलं.

“म्हणाले असतील, आधी जेवून घे,” आईनेही ओठांनीच सांगितलं.

ओठांनी बोलणं ही आमच्याकडे विशेष गोष्ट नव्हती. लूमच्या कारखान्यात आवाजाचा काही उपयोग नसतो. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी नुसतं तोंड हलवून बोलतो. सूत संपलं, मालक आला, जेवायला चल, तुझ्या मेहुण्याचं काय झालं, सगळं. बाबांनी सगळी नोकरी लूमवर काढली आणि शेवटची वर्षं ते मुकादम होते. त्यात त्यांचे कान गेले. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते घातल्यावर त्यांना सगळ्यांत स्पष्ट लूमच ऐकू यायला लागले, म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. समोरच्याचे ओठ दिसत असले की त्यांचं काही अडत नसे. रेडिओचं मात्र अडायचं, कारण रेडिओला ओठ नसतात.

ते काम आई करायची. जेवताना ती बाबांच्या बरोबर समोर बसायची, पदर खांद्यावरून नीट घ्यायची आणि सुरू करायची, “अहो, रेडिओत सांगितलं.”

“काय?”

“जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये.”

“कोण बोललं?”

“डॉक्टर होते. पुण्याचे.”

“मग करावं काय माणसानं?”

“शतपावली घालावी म्हणाले.”

आणि बाबा उठून गल्लीत शतपावली घालायला जायचे. हीच गोष्ट आईने स्वतःच्या नावावर सांगितली, तर ते झोपल्या झोपल्या पाय आणखी लांब करायचे. त्यांचं साधं तत्त्व होतं. घरातलं माणूस तोंडाला येईल ते बोलतं. रेडिओवर बोलायचं तर आधी लिहून न्यावं लागतं आणि ते साहेबाला दाखवावं लागतं. लोणच्यातलं मीठ, विडी सोडणं, दाढ दुखत असताना लवंग न धरता दवाखान्यात जाणं, मला नोकरी करू देणं, या सगळ्या बाबतींत बाबांनी सरकारचं ऐकलं.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, दापोड्याला राहते. तिच्या सासरच्या भातशेतीवर केव्हाच गोदामं उभी राहिली होती. तरी ती आली की आई तिला भाताच्या नव्या वाणाबद्दल सांगायची. एका जागी दोन-दोनच रोपं लावायची म्हणे.

“कुठं लावू गो?” आत्या म्हणायची. “गोदामान? वॉचमन तरी आत सोडल का मना?”

पण निघताना चप्पल घालता घालता ती हळूच विचारायची, “आनि खताचा काय सांगितलन?”

“खताच्या आधी लाइट आली.”

“म्हंजे न्हायच कललं,” आत्या म्हणायची आणि खरोखर थोडी नाराज होऊन जायची.

आई एका दुपारी गेली. लूम चालू होते. बातमी गल्लीत ओठांवरून पसरली, आणि मग वीज असताना एकेक कारखाना बंद होत गेला. आमच्या भिंतीला लागून असलेला सगळ्यांत शेवटी थांबला. वीज असताना तिथे शांतता झालेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. रेडिओ लावण्यासारखी वेळ होती.

आत्या त्याच संध्याकाळी येऊन राहिली आणि तिने घर हातात घेतलं. सुतकात फोडणी नाही, पापड नाही, देवपूजा नाही, रेडिओ नाही. रेडिओ कुणी चुकून लावू नये म्हणून तिने तो कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवला. एखाद्याला शिक्षा केल्यासारखा तो दिसायचा.

बाबा जेवत नव्हते. चहा घ्यायचे. शेजाऱ्यांनी आणलेल्या पिठलं-भातातले दोन घास तोंडात घोळवायचे आणि पाणी प्यायचे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की या गोळ्या पोटात अन्न असल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि बंद तर अजिबात करायच्या नाहीत. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मी एक गोळी हातात घेऊन उभी राहायचे आणि ती परत पाकिटात ठेवायचे. बाबांचा सदरा खांद्यांवरून उतरायला लागला होता. उठताना ते भिंत धरायचे. एकदा धरलेली भिंत सुटली आणि ते बसल्यासारखे खाली आले. लागलं नाही, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

त्यांना समजवायला येणाऱ्यांची कमी नव्हती. पण बहिऱ्या माणसाला वाद संपवायला डोळे मिटले की पुरतं. आत्या समोर बसून म्हणायची, “भाऊ, तू असा केलास तं तिच्या जिवाला बरा वाटल का?” बाबा डोळे मिटायचे. “बघ, मिटलं! मी काय बोलतंय आनि ह्यो देवलात बसलाय!”

तेराव्याला गोडाचं ताट समोर आलं. बाबांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते बाजूला सरकवलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वीज गेली, लूम थांबले. आवाज थांबल्याचं बाबांच्या पायांना कळतं. फरशीची थरथर बंद झाली तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रेडिओत काय सांगितलं?”

आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट होती. मी आत्याकडे पाहिलं. सुतक फिटलं होतं, पण वर्षभर घरात गाणं वाजू नये असं तिचं मत होतं.

“बातम्या लाव,” तिने जरा विचार करून निवाडा दिला. “बातम्या ऐकून कुनाला आनंद व्हतंय?”

मी रेडिओ खाली काढला आणि बटणावर बोट ठेवून बसले. सरकारी रेडिओवर कुठल्याही दोन गोष्टींच्या मध्ये सतार वाजते, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. सतार हे गाणं आहे की नाही यावर आत्याचं मत पक्कं होईना, म्हणून मी ती प्रत्येक वेळी बंद करत होते.

मग बाबांच्या समोर बसून मी ऐकलेलं सांगितलं. एका पुलाचं उद्‌घाटन झालं. कांद्याचे भाव उतरले. बाबा कपाळाला आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“तोंड उघड,” ते म्हणाले. “पुस्तक मनात वाचल्यासारखी बोलतेस.”

हे खरं होतं. मी ग्रंथालयात काम करते. तिथे ओठ न हलवता बोलण्याचाच पगार मिळतो. मी पुन्हा सांगितलं, जबडा दुखेपर्यंत तोंड उघडून. पूल. कांदा.

“आणि?”

“एवढंच.”

“तब्येतीचं?”

“नाही सांगितलं.”

“मग रेडिओ बिघडलाय,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचे काही दिवस मी वीज जाण्याची वाट बघत राहिले. कधीतरी आहारावर, औषधांवर काही लागेल आणि ते मी प्रामाणिकपणे पोचवीन, असं मला वाटत होतं. एकदा लहान मुलांच्या दुधाच्या दातांबद्दल लागलं. एकदा शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल. शेळ्यांचं मी बाबांना सांगितलं, कारण त्यात चारा वेळेवर देण्याचा उल्लेख होता.

“आपल्याकडे शेळी नाही,” बाबा म्हणाले.

“द्राक्षंपण नव्हती.”

“द्राक्षांचं तुझी आई सांगायची.” डोळे बंद.

एका रविवारी समोरच्या कारखान्यातला कारागीर भेटायला आला. आई गेली तेव्हा तो गावाला, उत्तर प्रदेशात होता. बाबांचे पाय धरून झाल्यावर तो माझ्यापाशी ओट्यावर बसला.

“चाची ने मेरी ज़िंदगी बना दी,” तो म्हणाला. “गुटखा छुड़वाया.”

“कसं काय?” मी विचारलं.

“चाची बोली, रेडियो पे बताया है, गुटखा खाने वाले को कोई लड़की नहीं देगा. उसी दिन फेंक दिया. अगले साल शादी हो गई.” मग तो आदराने रेडिओकडे बघून म्हणाला, “सरकार लड़की का भी देखती है, मालूम नहीं था.”

मी बरीच वर्षं सरकारी रेडिओ ऐकला आहे. तो बेडकांबद्दल बोलतो, सहकारी पतपेढ्यांबद्दल बोलतो, पण मुली कुणाला द्याव्यात याबद्दल तो बोलणार नाही. कारागीर निघून गेल्यावर मी आईची एकेक बातमी तपासायला घेतली. ग्रंथालयातली सवय आहे, कुठलीही गोष्ट कुठून आली हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शतपावलीचा कार्यक्रम मी आईच्या शेजारी बसून ऐकला होता. तो गुडघ्यांबद्दल होता, आणि डॉक्टर “जेवणानंतर” इथपर्यंत आले असताना वीज आली होती. विडीचा कार्यक्रम मला आठवेना. मला नोकरी करू देण्याबद्दल राज्यात कुणी भाषण केलं असेल, असंही आता वाटेना. पुण्याचे डॉक्टर तर दर वेळी पुण्याचेच असत, मग विषय दाढेचा असो की मुलीच्या पगाराचा.

वीज जिथे यायची तिथून पुढचा रेडिओ आईचा होता. काही वेळा अलीकडचाही.

मी याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. वाटून घ्यायला वेळ नव्हता. बाबांनी त्या दिवशी चहासुद्धा अर्धा ठेवला होता. मी ठरवलं की आपणही तेच करायचं. संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी म्हणाले, “रेडिओत सांगितलं, वयस्कर व्यक्तींनी संतुलित आहार घेणं अत्यंत आवश्यक आहे.”

बाबांनी मला ‘अत्यंत’ पूर्ण करू दिलं आणि डोळे मिटले.

“असं बोलशील तं मी पन न्हाय जेवनार,” आत्या मागून म्हणाली.

रात्रभर नाही, पण भांडी घासून होईपर्यंत मी विचार केला. आई कधी एकदम मुद्द्यावर येत नसे. आधी बाजारभाव यायचे, हवामान यायचं, कुठल्यातरी धरणातलं पाणी यायचं. बाबा ऐकत ऐकत सैल व्हायचे. आणि मग, जाता जाता, मीठ.

दुसऱ्या दिवशी वीज संध्याकाळची गेली. मी हवामान नीट ऐकून घेतलं. आत्याने आमटी-भात केला होता. बाबांसमोर ताट होतं आणि त्यांचे हात मांडीवर होते. मी आईच्या जागी बसले.

“रेडिओत सांगितलं, कोकण किनाऱ्यावर वारं सुटणार आहे.”

बाबांनी वर पाहिलं.

“समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी होड्या...”

इथे वीज आली. डोक्यावरचा पंखा हलला आणि तिन्ही बाजूंनी लूम सुरू झाले. माझा आवाज माझ्याच तोंडापाशी संपला. मी बोलत राहिले. आपण काय बोलतोय ते स्वतःला ऐकू येत नाही, तेव्हा खोटं बोलणं पुष्कळ सोपं जातं, हे मला तिथे कळलं. आईलाही ते माहीत असणार.

“...होड्या खोल पाण्यात नेऊ नयेत. आणि ज्यांना प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत.”

“मच्छीमारांनी?” बाबांचे ओठ हलले.

“सगळ्यांनी. किनाऱ्यावरच्यांनीसुद्धा.”

“कोण बोललं?”

“डॉक्टर होते.”

“कुठले?”

“पुण्याचे.”

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ते मिटलं नाही.

“किती खावं म्हणाले?”

याची तयारी मी केली नव्हती. “मूदभर भात,” मी म्हणाले. “आणि आमटी.”

“आमटीपण रेडिओवर सांगितली?”

“हो. तुरीची.”

आत्या आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिची हयात शेतावर गेली, लूमवर नाही. तिला यातलं काही वाचता येत नव्हतं. ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, “काय बोलताव गो दोघा? मना पन सांगा!”

बाबांनी भातावर आमटी ओतली. पहिला घास त्यांनी इतका वेळ चावला की आता तो परत येणार असं मला वाटलं. आला नाही. मग दुसरा घेतला. मूद अर्धी झाली, ताटातली मिरची त्यांनी बोटाने कडेला सारली, आणि उरलेली मूदही हळूहळू गेली. मी पाकिटातून गोळी काढून तळहातावर धरली. ती त्यांनी घेतली, पाणी प्यायले, ताटातच हात धुतला आणि माझ्याकडे बघून, आवाज न करता, शेडच्या त्या टोकाच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, “उद्या भाताचं नको. उद्या भाकरीचं सांगू दे.”

“कुणाला?”

“तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांना.”

ते भिंत धरून उठले आणि गल्लीत शतपावली घालायला गेले. दारापासून कोपऱ्यापर्यंतच, पण गेले.

मी तांदळाच्या पिठाचा डबा उघडून बघितला. तळाशी होतं, एका भाकरीपुरतंही नव्हतं. आत्याच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून सांगितलं की उद्या सकाळी गिरणीत जायला हवं.

“कशाला गो?”

“बाबांना भाकरी द्यायची आहे. रेडिओत सांगितलं.”

आत्याने बाबांचं ताट उचललं, त्यात काही उरलंय का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्या कानात ओरडली, “मंग बारीक दलून आन. जाड पिठाची भाकर त्याला गिलत न्हाय.”